सुचणे आणि सांगणे

‘सर्जनशीलता’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर कवी येतो, चित्रकार येतो, फार तर एखादा शास्त्रज्ञ येतो. गवंडी येत नाही. रुग्णालयातील परिचारिका येत नाही, एस.टी.चा वाहक येत नाही, कापडगिरणीतील कामगारही येत नाही. या माणसांनी नेमून दिलेले काम नेमून दिलेल्या पद्धतीने करावे, नवे काही शोधून काढण्याचे काम इतरांचे, अशी एक अलिखित वाटणी आपण करून टाकलेली असते.

हा पाठ वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण दिवसा कुठे ना कुठे काम करीत असतील आणि उरलेल्या वेळात अभ्यास करीत असतील. त्यांना ही वाटणी किती खोटी आहे हे माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असणार. रोज एकच काम करणाऱ्या माणसाला त्या कामातील अडचण जशी कळते तशी ती दुसऱ्या कोणालाही कळत नाही, आणि अडचण नेमकी कळली की तिच्यावरचा उपायही पुष्कळदा त्यालाच सुचतो. मग प्रत्येक कचेरीत, प्रत्येक कारखान्यात रोज नव्या कल्पनांचे पीक का येत नाही? एखाद्याला सुचते, एखाद्याला सुचत नाही, ही ज्याची त्याची देणगी आहे, असे उत्तर आपण देऊन मोकळे होतो. मला हे उत्तर कधीच पटलेले नाही. सुचणे ही जितकी डोक्यातील गोष्ट आहे तितकीच ती जागेची गोष्ट आहे, असे मला वाटत आले आहे. जागेची म्हणजे भिंतींची नव्हे. त्या जागी कोण कोणाचे ऐकतो, याची.

जयपूरचे उदाहरण घेऊ. १९६० च्या दशकात तेथील सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. अपघातात किंवा आजारात पाय गमावलेली माणसे त्यांच्याकडे येत. त्या काळी मिळणारे कृत्रिम पाऊल हे पाश्चात्त्य देशांतील राहणी डोळ्यांसमोर ठेवून बनविलेले होते. त्याचा घोटा ताठ असे आणि त्यावर बूट चढविला जाणार हे गृहीत धरलेले असे. खुर्चीवर बसणाऱ्या, टेबलाशी जेवणाऱ्या, घरातही पादत्राणे घालून वावरणाऱ्या माणसाला ते पाऊल पुरत होते. परंतु आपल्याकडील शेतकऱ्याला उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते, चिखलातून चालावे लागते. बूट घालून तो देवळात कसा जाणार? स्वयंपाकघरात बाई बूट घालून कशी वावरणार? परिणामी असे होई, की मोठ्या खटपटीने मिळविलेला तो पाय घरी गेल्यावर कोपऱ्यात उभा राही आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर येई.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर होते. रुग्णांना हस्तकला शिकविण्याच्या निमित्ताने ते तिथे येत. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. घराणे कारागिरांचे, हातात कला, परंतु शालेय शिक्षण फारसे नव्हते; शरीरशास्त्राचे वा अभियांत्रिकीचे तर मुळीच नव्हते. मास्टरजी रुग्णांमध्ये बसत. पाय बसविलेला माणूस उठताना कुठे अडखळतो, बसताना हात कुठे टेकतो, हे ते पाहत. डॉक्टर तपासणीच्या वेळी रुग्णाला जेवढे पाहतात, त्याहून हे पाहणे निराळे होते. जिवंत पावलासारखे दिसणारे आणि वाकणारे पाऊल आपल्याला बनविता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

लाकूड वापरून झाले, स्पंज वापरून झाला, ॲल्युमिनियमचे साचेही झाले. काही जमेना. मग एके दिवशी, असे सांगतात, की त्यांच्या सायकलचे चाक पंक्चर झाले आणि ते एका टायरच्या दुकानाशी थांबले. तिथे ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चढवून, उष्णता देऊन तो पक्का केला जात होता. ज्याला आपण टायर ‘रिमोल्ड’ करणे म्हणतो, ते काम. रबर साच्यात घालून तापविले की ते साच्याचा आकार घेते, टिकाऊ होते आणि तरीही लवचीक राहते, हे मास्टरजींनी पाहिले. त्या दुकानातून हजारो लोक आपले टायर घेऊन गेले असतील. त्यांना तिथे टायर दिसला. या माणसाला पाऊल दिसले, कारण पाऊल आधीपासूनच त्याच्या डोक्यात होते.

पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शिक्षण जेमतेम असलेला एक कारागीर एका नामांकित शल्यचिकित्सकाकडे जातो आणि म्हणतो, की ट्रकच्या टायरचे रबर वापरून आपण माणसाचे पाऊल करू. या वाक्यावर हसणे किती सोपे होते! ‘मास्टरजी, तुम्ही तुमची हस्तकला शिकवा,’ एवढे एक वाक्य बोलले गेले असते तर सगळे तिथेच संपले असते. तसे झाले नाही. डॉ. सेठी आणि त्यांचे सहकारी डॉक्टर कारागिरांच्या बरोबरीने कामाला लागले. पहिली पावले टिकली नाहीत. ती फाटली, मोडली. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा, टाचेला आणि चवड्याला स्पंजासारखे रबर, आणि या सगळ्यावर टायरमध्ये असतो तसा दोऱ्यांचा आधार देऊन त्वचेच्या रंगाच्या पक्क्या रबराचे आवरण, अशी रचना हळूहळू सिद्ध झाली. १९६८ च्या सुमारास ‘जयपूर फूट’ जन्माला आला. अनवाणी चालता येईल, उकिडवे बसता येईल, पाण्यात उतरता येईल असे हे पाऊल होते. १९७५ मध्ये जयपूरलाच स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते हजारो गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचविले आणि पुढे ते अनेक देशांत गेले. अपघातानंतर पाय गमावलेल्या सुधा चंद्रन यांनी हेच पाऊल लावून पुन्हा भरतनाट्यम् केले, ही गोष्ट तुमच्यापैकी काहींना चित्रपटामुळे ठाऊक असेल.

या हकिकतीत मास्टरजींची प्रतिभा आहेच. परंतु तिच्याभोवती आणखी काय काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. ज्याच्यासाठी काम करायचे तो माणूस त्यांना रोज समोर दिसत होता. हातांना काहीतरी करून पाहण्याची मुभा होती. एखादे पाऊल चार दिवसांत फाटले तर कोणी त्यांना कामावरून काढले नाही. आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणारा, हुद्द्याने त्यांच्याहून कितीतरी मोठा असा माणूस तिथे होता. यांतले एक जरी नसते तरी मास्टरजी तेवढेच हुशार राहिले असते, आणि जगाला ते कधी कळले नसते.

असे न कळलेले एक गृहस्थ मी जवळून पाहिले आहेत.

१९९० च्या सुमारास, एम.ए. करीत असताना, तालुक्याच्या एका गावातील छापखान्यात मी मुद्रिते तपासण्याचे काम करीत असे. छपाई खिळ्यांची होती. खिळे म्हणजे शिशाच्या मिश्रधातूत ओतलेली अक्षरे. ती एकेक उचलून ओळ जुळवायची. हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणत. आपल्या लिपीत काने, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी असतात, आणि ते लहान लहान खणांच्या लाकडी पेट्यांत मांडलेले असतात. कोणते अक्षर कोणत्या खणात, हे जुळाऱ्याच्या बोटांना पाठ असते. आमच्या छापखान्यातील जुळारी पन्नाशीचे होते. सगळे त्यांना काका म्हणत. शिक्षण सातवीपर्यंत, परंतु मुद्रितात मी केलेली दुरुस्ती चुकीची असेल तर ते ती करीत नसत. तो कागद माझ्यासमोर ठेवून नुसते उभे राहत.

लग्नसराईत छापखान्यात पत्रिकांची झुंबड उडे. नावे बदलत, तिथी बदलत. बाकी मजकूर तोच. ‘चि.’, ‘सौ.कां.’, ‘यांचा शुभविवाह’, ‘आपले नम्र’, ‘आहेर आणू नये’ इत्यादी. काकांनी एक युक्ती केली होती. या नेहमीच्या ओळी एकदा जुळवून, सुतळीने घट्ट बांधून त्यांनी एका लाकडी ताटात रचून ठेवल्या होत्या. पत्रिका आली की ताटातील गठ्ठे उचलायचे, मधली नावे तेवढी जुळवायची. काम निम्म्या वेळात होई. थोरले मालक होते तोवर ते ताट उघड्यावर असे. थोरल्या मालकांना एक सवय होती. दुपारी ते काकांच्या पेटीशी स्टूल ओढून बसत आणि विचारीत, “काका, हे अजून लवकर कसं होईल?” या गठ्ठ्यांत खिळे अडकून पडतात म्हणून त्यांनी एका हंगामात जास्तीचे खिळे मागविले होते.

पुढे कारभार त्यांच्या मुलाकडे आला. तो वाईट माणूस नव्हता. हिशेब त्याला वडिलांपेक्षा चांगला कळत होता. त्याने ते ताट पाहिले आणि सर्वांसमोर विचारले, “एवढे खिळे बांधून ठेवलेत? हे भांडवल अडकलंय, कळतंय का? सोडा सगळे.” हिशेबाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, खिळे महाग होते. परंतु हे ताट कशासाठी आहे, असे त्याने विचारले नाही. काकांनीही सांगितले नाही. त्यांनी मान हलविली आणि संध्याकाळपर्यंत सुतळ्या सोडून एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात परत टाकला. तो टपटप आवाज मला अजून आठवतो.

त्यानंतर काका कामात कधी चुकले नाहीत. उशिराही आले नाहीत. एकदा मी त्यांना विचारले, की पानाच्या शेवटी ओळ नेहमी सैल का पडते, याला काही उपाय नाही का? तर म्हणाले, “ताई, मला सांगितलं तेवढं जुळवायचं.” पण संध्याकाळी एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहताना हेच काका मला सांगत, की ‘च्या’ आणि ‘ण्या’ ही अक्षरे मराठीत किती वेळा येतात, त्यांचे खण पेटीच्या मधोमध आणले तर हात किती वाचेल. बोटाने हवेत पेटीचा नकाशा काढून दाखवीत. म्हणजे त्यांचे सुचणे थांबले नव्हते. सांगणे थांबले होते.

चार वर्षांनी छापखान्यात संगणक आला. काकांना घड्या घालण्याच्या कामावर बसविले. पहिल्या काही पुस्तिकांत जोडाक्षरे फुटलेली असत, उकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरत. कोणते अक्षर कोणत्या अक्षराला भिडते आणि तिथे काय करावे लागते, हे त्या खोलीत एका माणसाला तीस वर्षांपासून ठाऊक होते. तो घडी घालताना त्या जागेवरून अंगठा फिरवी आणि कागद गठ्ठ्यावर ठेवून देई. त्याला कोणी विचारले नाही.

कोणी म्हणेल, की हे एका माणसाच्या स्वभावाचे झाले. दुसरा कोणी असता तर भांडून आपले म्हणणे मांडले असते. म्हणून एक मोठे उदाहरण सांगते. त्यात माणूस एक नव्हे, हजारो आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील फ्रीमॉन्ट येथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. गैरहजेरी प्रचंड, भांडणे रोजची आणि तयार होणाऱ्या गाड्यांत दोषच दोष, अशी त्याची ख्याती होती. कामगारच बेजबाबदार आहेत, असे सर्वांचे मत होते. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये जपानच्या टोयोटा कंपनीच्या भागीदारीत तोच कारखाना ‘न्यूमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला. बहुसंख्य कामगार जुनेच घेतले गेले, कामगार संघटनाही जुनीच होती. कारभाराची रीत मात्र टोयोटाची आली. आणि थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून निघणाऱ्या गाड्यांची गणना देशातील उत्तम गाड्यांत होऊ लागली.

काय बदलले होते? पुष्कळ काही, पण त्यातील एक गोष्ट डोळ्यांत भरणारी होती. जुळणीच्या साखळीवर प्रत्येक कामगाराच्या हाताशी एक दोरी होती. काही बिघडले आहे, जुळत नाही, असे वाटले की त्याने ती ओढायची. गटप्रमुख त्याच्याजवळ येई. अडचण लगेच सुटली नाही तर साखळी थांबे. जुन्या व्यवस्थेत साखळी थांबविणे हा मोठा गुन्हा होता. सदोष गाडी तशीच पुढे सरकवायची आणि शेवटी दुरुस्त करायची, असा शिरस्ता होता. नव्या व्यवस्थेत दोरी ओढणाऱ्याला कोणी दरडावीत नसे, ‘काय अडले?’ असे विचारीत. या विचारण्यातून कामगार उपाय सांगू लागले: हे हत्यार इथे हवे, हा खिळा त्या बाजूने आला तर वाकावे लागणार नाही. पुढे जनरल मोटर्सने ही रीत आपल्या इतर कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती तितक्या सहजी रुजली नाही. दोरी टांगणे सोपे होते. ती ओढणाऱ्यावर न रागावणे अवघड होते. न्यूमी कारखाना २०१० मध्ये बंद झाला, परंतु त्याने दिलेला पुरावा खोडून काढता येत नाही.

गंमत अशी, की कामगारांच्या सूचना मागविण्याची पद्धत टोयोटाने अमेरिकेतच पाहिली होती. कंपनीचे अधिकारी १९५० मध्ये फोर्डचा कारखाना पाहायला गेले होते. तिथून ती कल्पना घेऊन त्यांनी १९५१ मध्ये आपल्याकडे सूचना योजना सुरू केली. आपल्याकडेही अनेक कार्यालयांत ‘सूचना पेटी’ टांगलेली असते. तिच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हे पुष्कळदा शिपायालाही ठाऊक नसते.

भीतीचा हा विषय अमेरिकेतील एमी एडमंडसन या अभ्यासिकेने रुग्णालयांत तपासला. १९९० च्या दशकात, औषधे देताना होणाऱ्या चुकांचा त्या अभ्यास करीत होत्या. ज्या विभागातील माणसे एकमेकांशी मिळून काम करतात तिथे चुका कमी असणार, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आलेले आकडे उलटेच सांगत होते: चांगल्या विभागांत चुका जास्त! अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जास्त जात होत्या. जिथे मुख्य परिचारिकेचा धाक होता तिथे चूक लपविली जाई, आणि कागदावर सारे आलबेल दिसे. चूक सांगण्याची भीती आणि नवी कल्पना सांगण्याची भीती या दोन भीती नव्हेत, ती एकच आहे. ‘असे केले तर?’ हे वाक्य बोलताना माणूस दोन धोके पत्करतो: कल्पना फसली तर हसे होईल, आणि आजवर जे चालले होते ते चुकीचे होते असे सुचविल्यासारखे होईल. ज्याला उद्या काम मिळेल की नाही याचीच शाश्वती नाही, अशा रोजंदारीवरच्या माणसाने हे धोके पत्करावेत अशी अपेक्षा करणे मला तर निर्दयपणाचे वाटते.

मग बक्षीस लावले तर? पैशाने भीती जाईल, असे अनेक व्यवस्थापकांना वाटते. या बाबतीत एक जुना प्रयोग मोठा मनोरंजक आहे. कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने एक कोडे रचले होते. टेबलावर एक मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेले एक खोके ठेवायचे. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची, की तिचे मेण टेबलावर ठिबकणार नाही. लोक मेणबत्तीलाच टाचण्या टोचून पाहतात, मेण वितळवून ती भिंतीला चिकटवून पाहतात. उत्तर सोपे आहे: खोके रिकामे करायचे, ते भिंतीला टाचायचे आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. पण खोके हे टाचण्या ठेवण्यासाठीच असते असे मनात बसलेले असल्यामुळे ते फळीसारखे वापरता येईल हे सुचायला वेळ लागतो. सॅम ग्लक्सबर्ग यांनी १९६२ मध्ये हेच कोडे दोन गटांना घातले. एका गटाला, जलद सोडविणाऱ्यास रोख रक्कम मिळेल असे सांगितले. दुसऱ्याला काहीच सांगितले नाही. पैशाची आशा असलेल्या गटाला सरासरी सुमारे साडेतीन मिनिटे जास्त लागली. नंतर टाचण्या खोक्याबाहेर काढून ठेवल्या, म्हणजे कोडे सरळसोट झाले, तेव्हा मात्र पैशाचा गट पुढे गेला. वाट ठरलेली असेल तर बक्षीस पाय उचलायला लावते. वाट शोधायची असेल तर तेच बक्षीस नजर एका ठिकाणी खिळवून ठेवते.

यावरून कामगाराला पैसे कमी द्यावेत, असा सोयीस्कर अर्थ कोणी काढू नये. पोटाची चिंता असलेल्या माणसाला खोक्याची फळी कशी सुचणार? योग्य वेतन हे आधीच मिळालेले असावे; ते कल्पनेसमोर आमिष म्हणून नाचवू नये, इतकेच.

कामगाराची प्रत्येक सूचना ग्राह्य असते, असेही नाही. काकांच्या ताटात भांडवल खरोखरच अडकत होते. छापखाना चालवायचा तर कधी नाही म्हणावे लागते. परंतु कारण विचारून, आपले कारण सांगून म्हटलेले ‘नाही’ आणि सर्वांसमोर फेकलेले ‘नाही’, यांत ऐकणाऱ्याला फरक कळतो. पहिल्या ‘नाही’नंतर माणूस दुसरी कल्पना घेऊन येतो.

आणखी एक गोष्ट राहिली, नावाची. जयपूर फूटबद्दल १९८१ मध्ये डॉ. सेठी यांना रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ते त्या सन्मानास पात्र होते यात शंका नाही. ऐकून घेणे हीसुद्धा मोठी कामगिरी असते. मात्र रामचंद्र शर्मा हे नाव आजही फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांच्या नावापुढे पदव्या होत्या, जगाला पदवीचे नाव लक्षात ठेवण्याची सवय आहे. ज्याचे नाव राहत नाही त्याला पुढच्या वेळी सांगावेसे वाटेल का, हा प्रश्न मला नेहमी अस्वस्थ करतो. पैशाचे बक्षीस नजर खिळवून ठेवते म्हणतात. पण ‘हे अमक्याने सुचविले’ एवढे चारचौघांत म्हणायला पैसा लागत नाही आणि त्याने कोणाची नजरही खिळत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाठ्यपुस्तक समितीची बैठक चालू होती. एका जुन्या पुस्तकातील स्वाध्याय नव्याने अक्षरजुळणी करून आमच्यापुढे तपासायला आले होते. पाने घेऊन आलेली, संगणकावर अक्षरजुळणी करणारी तरुणी दाराशी उभी होती. अध्यक्षांनी सहज विचारले, “काय हो, काम करताना काही खटकलं का?” ती आधी ‘नाही’ म्हणाली. मग थांबून म्हणाली, “सर, यात सगळीकडे ‘मुलांनो’ लिहिलंय. ‘तुमच्या आईला विचारा’ असं लिहिलंय. माझ्या सासूबाई याच पुस्तकावरून परीक्षेला बसल्यात. त्या बावन्न वर्षांच्या आहेत. त्यांना दोन नातवंडं आहेत.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग अध्यक्ष उठले आणि स्वतः एक खुर्ची टेबलाशी ओढून त्यांनी तिला बसायला सांगितले. पुढचा दीड तास ती आमच्याबरोबर पाने पाहत होती. ‘मुलांनो’ गेले, ‘आईला विचारा’च्या जागी ‘घरातील वडीलधाऱ्यांना किंवा शेजाऱ्यांना विचारा’ आले. एका पाठातील बँकेचा अर्ज तिने बदलायला लावला, कारण त्यातील रकाने सासूबाईंनी प्रत्यक्ष बँकेत पाहिलेल्या अर्जाशी जुळत नव्हते. यापूर्वी अशी तीन पुस्तके तिच्या हाताखालून गेली होती. तेव्हा का सांगितले नाही, असे मी चहाच्या वेळी तिला विचारले. ती हसून म्हणाली, “तेव्हा पानं शिपायाकडे द्यायची असत.”

बैठकीच्या शेवटी इतिवृत्तात तिचे नाव घालावे की नाही यावर थोडी चर्चा झाली. ती समितीची सदस्य नव्हती. नियमात तसे बसत नाही, असे एकांचे म्हणणे पडले. अखेर घालायचे ठरले. इतिवृत्ताचा मसुदा टंकित करण्यासाठी अर्थातच तिच्याकडेच गेला. दोन दिवसांनी तो आला तेव्हा सूचना सगळ्या बिनचूक होत्या. ‘असे सुचविण्यात आले’ अशी वाक्यरचना करून तिने आपले नाव तेवढे गाळले होते. सचिवांनी खिशातून पेन काढले आणि त्या ओळीच्या वर, समासापर्यंत जागा पुरवून, ते हाताने लिहिले.